मांजर घराबाहेर काढण्यापूर्वी

मैसूरच्या घराघरांत होणाऱ्या कोसंबरीत काकडी, कोथिंबीर आणि भिजवलेली मूगडाळ कच्चीच असते. घरात गर्भवती असली, तरी या ताटावर कोणी संशय घेत नाही. संशय जातो तो ओट्याखाली बसलेल्या मांजरावर, आणि मग ते पोत्यात घालून दूर सोडले जाते.

या भीतीला आधार आहे. टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी १९०८ मध्ये ट्युनिसमधील गोंडी नावाच्या कृंतकात आढळला. त्याचा अंतिम यजमान मार्जारकुल आहे, हे समजायला १९७० उजाडले. त्याचे लैंगिक प्रजनन केवळ या कुलातील प्राण्यांच्या आतड्यात होते. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या मैसूर प्राणिसंग्रहालयातील वाघ-सिंहही त्याला अपवाद नाहीत.

तथापि बाधित मांजर विष्ठेतून ऊसिस्ट नावाचे टणक कवचाचे कोश बहुधा एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक-दोन आठवडे टाकते. ताज्या विष्ठेतील कोश बाधक नसतात. तसे होण्यास त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठेची रोजची सफाई, तीही घरातील दुसऱ्या कोणी केलेली, पुरेशी ठरते. शिजवलेले अन्न खाणारे घरातले मांजर क्वचितच बाधित होते. तेच रस्त्यावर सोडले की उंदीर-पक्षी खाते, संसर्ग मिळवते आणि भाजीच्या वाफ्यात कोश पेरते. ओल्या मातीत ते वर्षभरही टिकतात. घाबरून केलेली हकालपट्टी अशा रीतीने धोका वाढवते.

दुसरी गफलत ‘टॉर्च’ चाचणीत होते. आयजीजी प्रतिपिंडे आढळणे ही बहुधा जुन्या संसर्गाची खूण असते. गर्भाला खरा धोका गर्भारपणात प्रथमच होणाऱ्या संसर्गाचा. केवळ आयजीजीवरून औषधे सुरू करणे, किंवा गर्भपाताचा दोष घरातल्या प्राण्यावर ठेवणे, हा शास्त्राचा विपर्यास आहे.

कुत्र्यांची कथा निराळी नाही. भारतात जन्मलेले परजीवीतज्ज्ञ जे. पी. दुबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये निओस्पोरा कॅनिनम या परजीवीला नाव दिले. कुत्रा त्याचा अंतिम यजमान असल्याचे १९९८ मध्ये सिद्ध झाले. तो गायींचा गर्भपात घडवतो. गाभडलेल्या गायीचे वार आणि मृत गर्भ उघड्यावर फेकले, की ते कुत्र्यांच्या तोंडी लागतात. ते खोल पुरणे हा पशुपालकाच्या हातातला सोपा उपाय आहे.

गर्भवतीच्या पहिल्याच तपासणीत तिला तीन गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत: भाजी वाहत्या पाण्यात धुणे, मांस पुरते शिजवणे, मातीत काम केल्यावर हात धुणे. एवढे झाले, तर मांजरासाठी पोते शोधावे लागणार नाही.