कॅमेरा घेण्याआधी फोन दीडपटीवर ठेवा

सीवूड्सच्या मंडळींनो, मोठ्या सेन्सरचा, आटोपशीर, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा घ्यायचं मनात असेल, तर पैसे मोजण्याआधी एवढंच ठरवा: ज्याचा फोटो हवा आहे, त्याच्याजवळ तुम्हाला चालत जाता येतं का?

आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण इथे पुष्कळांना कॅमेऱ्याची ओढ लागते ती फ्लेमिंगोंमुळे. डीपीएस तलावावर, एनआरआय संकुलामागच्या पाणथळीवर थवे उतरले की घराघरांत कॅमेऱ्याचा विषय निघतो. मग कुणीतरी लाखाच्या वरचा फुजीफिल्म घेऊन येतं आणि घरी गेल्यावर फोटोत पक्षी शोधत बसतं. हिशेब साधा आहे. लहान फ्लेमिंगो उभा असतो तेव्हा जेमतेम नव्वद सेंटिमीटर भरतो. फुजीफिल्म एक्स१००-व्हीआयची लेन्स २३ मिलिमीटरची. शंभर मीटरवरचा पक्षी सेन्सरवर उमटतो फक्त ०.२ मिलिमीटर उंचीचा. फोटो चार कोटी पिक्सेलचा असला तरी त्या पक्ष्याच्या वाट्याला उंचीत सत्तरएक पिक्सेल येतात. एवढ्यात चोचही धड ओळखू येत नाही.

आणि जवळ जाणं हा उपाय नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्याकडची तळी ही त्याच पाखरांची भरतीच्या वेळची विसाव्याची जागा. एका फोटोसाठी चिखलात उतरून अख्खा थवा उठवू नका, हे हात जोडून सांगतो. फ्लेमिंगोच हवे असतील तर निकॉन पी१००० सारखा लांब झूमचा कॅमेरा घ्या. त्याचा सेन्सर नखाएवढा आहे, पण तोच पक्षी त्यात फ्रेमभर मावतो. किंवा चांगली दुर्बीण घ्या. तिचा आनंदही कमी नाही.

मोठ्या सेन्सरचा आणि एकाच लेन्सचा कॅमेरा माणसांसाठी आहे. घरातल्या, गल्लीतल्या, हाकेच्या अंतरावरच्या माणसांसाठी. आपल्या आईवडिलांच्या पिढीकडे असा कॅमेरा होताच: आग्फा क्लिक थ्री. लेन्स साधी आणि पक्की बसवलेली, रोलमध्ये फोटो बाराच, पण निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची. झूम नव्हता, म्हणून फोटो काढणारा माणसांपर्यंत चालत जायचा.

मोठ्या सेन्सरचा फायदा कुठे कळतो? गणपतीच्या आरतीला ट्यूबलाइट बंद करून पाहा. चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण सत्तर चौरस मिलिमीटर असतं, एपीएस-सी सेन्सरचं साडेतीनशेच्या वर, फुल फ्रेमचं ८६४. समईच्या उजेडात फोन चार-सहा फोटो एकावर एक रचून चित्र तयार करतो. त्यात टाळ वाजवणाऱ्या पोराचे हात पुसट होतात, आजीच्या गालावरच्या सुरकुत्या गुळगुळीत होतात. मोठ्या सेन्सरला एकाच उघडझापीत पुरेसा उजेड मिळतो आणि सुरकुत्या सुरकुत्याच राहतात. मला तरी पैसे त्यासाठीच मोजावेसे वाटतात.

आता लेन्स. झूम नसल्यामुळे निवड एकदाच करायची असते, आणि ती कागदावरचे आकडे वाचून होत नाही. फुल फ्रेमच्या मापाने बोलायचं तर, दहा फुटांवरून फोटो काढला की २८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये सुमारे तेरा फूट रुंदी मावते, ३५ मध्ये दहा फुटांहून थोडी जास्त, ४० मध्ये नऊ फूट. आपले हॉल केवढे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बहुतेक फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ची असते. म्हणून आठवडाभर फोनचा झूम दीडपटीवर ठेवा आणि त्याला हात लावू नका. ती साधारण ३५ची नजर. सारखं भिंतीला पाठ टेकवावी लागली तर तुम्ही २८वाले. सारखं पुढे सरकावंसं वाटलं तर ४०वाले.

२८साठी रिकोची जीआर मालिका आहे, ४०साठी रिकोचाच जीआर थ्री-एक्स, ३५साठी फुजीफिल्मची एक्स१०० मालिका (तिची २३ची लेन्स फुल फ्रेमच्या मापाने ३५ची). रिको खरोखर खिशात जातो, वजन पाव किलोच्या आसपास. पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही, पाम बीच रोडवर भर दुपारी पडद्यावर काही दिसत नाही, आणि बॅटरी दोनशेएक फोटोंत संपते. फुजी अर्धा किलोचा आहे, पण डोळ्याला लावता येतो. लायका क्यू३ आणि सोनीचा आरएक्स१आर थ्री फुल फ्रेम आहेत. ते ज्यांना परवडत असतील त्यांनी जरूर घ्यावेत, पण घरगुती फोटोंसाठी त्यांच्यापायी कर्ज काढू नका.

खाडीकाठी राहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दमट हवेत लेन्सला बुरशी लागली तर सुट्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत लेन्स बदलता येते, इथे अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. रिकोची लेन्स आतबाहेर सरकते, तिच्याबरोबर धूळ आत जाते. फुजीला पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण मिळतं ते पुढे वेगळी रिंग आणि फिल्टर बसवल्यावरच. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर पुरतो. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहू द्या.

खरेदीला हार्बरने थेट सीएसएमटी गाठा. बोरा बाजार आणि फोर्टातली दुकानं तिथून पायी अंतरावर आहेत. स्वतःचं कार्ड न्या, दुकानाबाहेर उन्हात उभं राहून आणि आत कोपऱ्यातल्या अंधारात, दोन्हीकडे फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघा. त्या दिवशी पैसे देऊ नका. स्वस्तात मिळणाऱ्या परदेशी मालाला भारतातली वॉरंटी सहसा नसते, म्हणून घ्याल तेव्हा पक्कं बिल मागा आणि त्यावर कॅमेऱ्याचा सीरियल नंबर लिहून घ्या.