आईची दोन नावं

यंदा गणपतीत पंधरा दिवसांसाठी कोल्हापूरला गेलो होतो. त्यातले नऊ दिवस आईच्या पत्र्याच्या पेटीत आणि निरनिराळ्या खिडक्यांपुढच्या रांगांत गेले. धाकट्या बहिणीचं कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवान्याचं, चाललंय. सख्खा भाऊ किंवा बहीण इथं पीआर किंवा नागरिक म्हणून राहत असेल, तर एक्स्प्रेस एंट्री या निवडपद्धतीत १५ गुण जास्त मिळतात. भाऊ आहे, म्हणजे गुण आलेच, असं तिनं धरून ठेवलं होतं. मीही.

नातं सिद्ध करायचं दोघांच्या जन्मदाखल्यांवरून. बाबांचं नाव दोन्हींकडे जुळलं. आईचं जुळेना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझा जन्म गडहिंग्लजचा. नोंद आजोबांनी दिली आणि त्यांच्या तोंडी लेकीचं माहेरचंच नाव. बहीण जन्मली कोल्हापुरात, तिच्या दाखल्यावर आई सासरच्या नावानं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, विषय संपला. त्याचा कागद करायचा असतो हे तेव्हा कुणाच्या गावी होतं? इकडच्या अधिकाऱ्यानं दोन दाखले शेजारी ठेवले की त्याला दोन वेगळ्या बायका दिसणार. गुण गेले, आणि त्या गुणांवरच अर्ज करायचं बोलावणं आलं असेल, तर अर्जही गेला.

पेटीच्या तळाशी, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, हळद लागलेली लग्नपत्रिका निघाली. तिच्या आणि फोटोंच्या आधारानं आई-बाबांची विवाहनोंदणी आता होते आहे, साक्षीला मामा. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र जोडलं. माझ्या दाखल्यातलं नाव दुरुस्त करायलाही अर्ज दिला. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात एक गोष्ट मला फार आवडली: चुकलेली मूळ नोंद खोडत नाहीत, शेजारी समासात दुरुस्ती लिहितात. आजोबांनी सांगितलेलं नाव रजिस्टरात राहीलच. आई मात्र वैतागली. “मला कोण विचारतंय तिकडं, मी कुठं येणार हाय?” म्हणाली, आणि सहीसाठी चष्मा शोधायला गेली.

नावांची जी गत तीच तारखांची. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी कितीजणांचा वाढदिवस १ जूनला येतो, ते एकदा मोजायला हवं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी मुलाला सहा वर्षं पूर्ण करून दिलेली ती तारीख. आई-वडिलांना बोलावू पाहणाऱ्यांनी त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंद आणि पासपोर्ट आजच शेजारी ठेवून पाहावेत. तफावत असेल तर लपवू नका. ती का आली हे एका पानात साध्या भाषेत लिहून जोडा. कागदाचं भाषांतरही स्वतः किंवा घरच्या कुणाकडून चालत नाही, तुम्ही कितीही उत्तम मराठी लिहीत असलात तरी.

एक्स्प्रेस एंट्रीचं बोलावणं आल्यावर हातात ६० दिवस असतात. ते पुरतात, पण कागद नुसते अपलोड करायला. जमवायला पुरत नाहीत. सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं २००४ साली. त्याआधी तिथल्या कॉलेजातून पदवी घेतलेल्यांना ट्रान्सक्रिप्टसाठी आजही कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठच गाठावं लागतं, हे ऐन वेळी आठवून उपयोग नाही. अनुभवपत्राची कथा वेगळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला किंवा शिरोलीचा कारखान्याचा मालक ‘यांचं काम समाधानकारक होतं’ अशा दोन ओळी देतो. इथं पद, काम, तास, पगार, सगळं लागतं. मालक म्हणतो, काय लिहायचं ते आणा, सही मारतो. आणा, पण तुम्ही खरोखर केलेलं काम आणा. व्यवसायांच्या सरकारी यादीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवली की पत्रावरच शंका येते. कारखाना बंद पडला असेल तर पगारपत्रकं, पीएफ पासबुक, फॉर्म १६ शोधा.

घाई करू नये असा एकच कागद: पोलिसांचा दाखला. सध्या जिथं राहता त्या देशाचा दाखला अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. बहिणीनं तो सर्वांत आधी, उत्साहानं काढून ठेवला होता. परत काढावा लागणार आहे.

कोजागरीला नेहमीप्रमाणे सभागृहात जमायचंच आहे. यंदा दुधाच्या टेबलापासून लांब एक स्कॅनर ठेवतो आहोत, आणि या फेऱ्यांतून गेलेले तीन-चार सभासद तिथं बसतील. ते वकील नाहीत, कायदेशीर सल्ला देणार नाहीत. फक्त तुमचे कागद शेजारी-शेजारी ठेवून नावं आणि तारखा वाचतील. मूळ कागद आणा, झेरॉक्स नकोत. दूध सांडल्यास जबाबदारी कार्यकारिणीची.

– संपादक