नक्षी आपली, पण धागा कुणाचा?



लग्नसराई आली की बस्त्याच्या गप्पा सुरू होतात, आणि हल्ली त्यात ‘हेरिटेज’ हा शब्द हमखास असतो. कुणी पैठणीचा घागरा शिवतं, कुणी जॅकेट. ओढणीवर त्रिशलामातेच्या स्वप्नांतला हत्ती, कलश, कमळ येतं. डिझायनर म्हणतात, ही तुमच्या मुळांची ओळख. आपणही हौसेने घेतो, कारण त्यावर आपलं काहीतरी दिसतं.

पण धाग्याचं काय?

रेशमाचा किडा स्वतःभोवती एकाच सलग धाग्याचा कोष करतो. पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडतं आणि धागा तुटतो. म्हणून आतला जीव जिवंत असतानाच कोष वाफेवर धरतात किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. एका साडीला असे हजारो कोष लागतात. आपण पाणी गाळून पितो, दिवे लागायच्या आत जेवतो, कांदा-बटाटा घरात आणत नाही. आणि तेच रेशीम ‘सोवळं’ म्हणून नेसून भगवंतापुढे उभ्या राहतो! ज्याने अहिंसा शिकवली त्याच्या आईची स्वप्नं उकळलेल्या कोषांच्या कापडावर काढायची, याला मी वारसा म्हणणार नाही.

लगेच उत्तर येतं, ‘मग विणकरांनी काय खायचं?’ प्रश्न खरा आहे. येवला आणि पैठणच्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या घरं चालली आहेत, पैठणीला 2010 साली जीआय मानांकनही मिळालं. पण पैठणीचं मोल कशात आहे? मोर, मुनिया, असावली हातांनी अशी गुंफायची की पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा. ही कला विणकराच्या बोटांत आहे, किड्यात नाही. त्याच मागावर सुती पैठणीही विणली जाते. विणकराच्या पोटावर पाय येतो तो छापील आणि यंत्रमागावरच्या स्वस्त नकलांमुळे, आणि त्या घेणाऱ्याही आपणच असतो.

हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी तर पतंग बाहेर पडू देऊन उरलेल्या कोषाचं सूत कातायची पद्धत रूढ केली. त्याला चकाकी कमी आणि किंमत जास्त, हे खरं. पण लाखाचा घागरा घेणाऱ्यांनी किमतीची सबब सांगू नये.

मी कॉमर्सची पदवीधर. पहिल्या वर्षीचा धडा अजून पाठ आहे: मागणी बदलली की माल बदलतो. आपला समाज लहान असला तरी लग्नाच्या खरेदीत हात आखडता घेणारा नाही. दुकानदार आपलं ऐकतो, फक्त आपण विचारत नाही.

आजीची जुनी पैठणी टाकून द्या, असं मी म्हणत नाही. ती जपा. पण नवी खरेदी करताना तीन प्रश्न विचारा. धागा कोणता? पतंग बाहेर पडू दिला होता का? हातमागाचं आहे की यंत्रमागाचं? दुकानदार गडबडला तर सरळ सुती दाखवायला सांगा. आणि लेकीला, सुनेला हे बस्त्याच्या आधी सांगा, नंतर नको.

कमळ, कलश, हत्ती खुशाल मिरवू या. पण ते जीव न घेतलेल्या कापडावर.