पाणबुड्यांचे संख्याबळ आणि खोल पाण्यातले वास्तव

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'वागशीर' ही पाणबुडी १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली आणि 'कलवरी' वर्गातील सहा पाणबुड्यांची मालिका पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत पाकिस्तानसाठी चीनमध्ये बांधल्या जाणाऱ्या चारही 'हँगोर' पाणबुड्यांचे जलावतरण झाले. या दोन घटना शेजारी ठेवल्या की अरबी समुद्राच्या तळाशी कोणाचे पारडे जड, हा प्रश्न पुन्हा समोर येतो. त्याचे उत्तर केवळ आकड्यांत सापडत नाही.

आकडे पाहिले तर भारत पुढे दिसतो. डिझेल आणि विजेवर चालणाऱ्या सुमारे सोळा पाणबुड्या भारताकडे आहेत. पाकिस्तानकडे फ्रेंच बनावटीच्या पाच 'अगोस्टा' आहेत. २०१५ मध्ये ठरलेल्या आठही चिनी पाणबुड्या मिळाल्यावर हा आकडा तेरावर जाऊ शकतो. मात्र भारताच्या सोळांपैकी दहा पाणबुड्या जर्मन बनावटीच्या 'शिशुमार' आणि रशियन बनावटीच्या 'सिंधुघोष' वर्गातील असून त्यांतील सर्वांत नवी २००० साली दाखल झालेली आहे. नव्या पिढीच्या म्हणता येतील अशा पारंपरिक पाणबुड्या सहाच.

जगभरातील नौदलांत एक ढोबळ हिशेब मांडला जातो. ताफ्यातील एक तृतीयांश पाणबुड्या प्रत्यक्ष गस्तीवर, एक तृतीयांश सराव आणि तयारीत, तर उरलेल्या दुरुस्तीसाठी गोदीत. या हिशेबाने भारताच्या पाच-सहा पाणबुड्याच एका वेळी समुद्रात असू शकतात आणि त्याही मुंबई व विशाखापट्टणम अशा दोन किनाऱ्यांत वाटलेल्या. पाकिस्तानला एकच किनारा सांभाळावयाचा आहे. त्यामुळे कागदावरील आघाडी अरबी समुद्रात बरीच आटते.

हुकलेली दोन दशके

ही स्थिती ओढवली कशी, याचे उत्तर माझगाव गोदीच्या इतिहासात आहे. १९८१ मध्ये जर्मनीशी झालेल्या करारानुसार दोन पाणबुड्या तिकडे आणि दोन मुंबईत बांधावयाच्या होत्या. 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात आली. दरम्यान या व्यवहारात दलाली दिल्याचे आरोप झाले आणि पुढील दोन पाणबुड्यांचा विचार गुंडाळला गेला. पाणबुडीचे दाबरोधक कवच जोडण्याचे वेल्डिंग हे अत्यंत नाजूक काम असते. खोल पाण्याचा दाब जोडणीतील बारीकशी उणीवही माफ करीत नाही. असे हात वर्षानुवर्षे घडवावे लागतात. काम थांबले तसे हे कुशल हातही पांगले.

१९९९ मध्ये सरकारने तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर केली. 'स्कॉर्पीन' पाणबुड्यांचा करार प्रत्यक्षात झाला ऑक्टोबर २००५ मध्ये. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये अपेक्षित होती. 'कलवरी' आली डिसेंबर २०१७ मध्ये. 'खांदेरी' ही दुसरी. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावर ज्या बेटावर तटबंदी उभारली, त्याचेच हे नाव. पुढील सहा पाणबुड्यांची निविदा जुलै २०२१ मध्ये निघाली आणि माझगाव गोदीशी वाटाघाटी सुरू झाल्या सप्टेंबर २०२५ मध्ये. करारानंतरही पहिली पाणबुडी हाती येण्यास कित्येक वर्षे लागतात, हा आजवरचा अनुभव आहे.

जुन्या पाणबुड्यांवर विसंबून राहण्याची किंमत नौदलाने मोजली आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक'मध्ये स्फोट होऊन अठरा जणांचा मृत्यू झाला. पुढच्याच फेब्रुवारीत 'सिंधुरत्न'वरील आगीत दोन अधिकारी दगावले आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी पदाचा राजीनामा दिला.

गुणवत्तेची कसोटी

डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भारून घेण्यासाठी ठराविक काळाने पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि तेथेच ती टिपली जाण्याचा धोका असतो. हवेविना ऊर्जा देणारी यंत्रणा असल्यास ती दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली राहू शकते. पाकिस्तानच्या 'अगोस्टा ९०बी' वर्गातील तीन पाणबुड्यांत ही सोय आहे. नव्या 'हँगोर'मध्येही ती आहे. भारताच्या सहाही 'कलवरी' तिच्याविना दाखल झाल्या. अंबरनाथ येथील नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने इंधन-घटावर चालणारी स्वदेशी यंत्रणा विकसित केली असून ती बसविण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव गोदीशी करार झाला. शस्त्रांची कथाही अशीच. 'कलवरी'साठी निवडलेल्या इटालियन पाणतीरांच्या उत्पादक उद्योगसमूहावर हेलिकॉप्टर खरेदीत लाचखोरीचे आरोप झाले, व्यवहार रद्द झाला आणि नव्या पाणबुड्यांना जुन्या जर्मन पाणतीरांवर भागवावे लागले.

याचा अर्थ सारे चित्र काळे आहे, असा नव्हे. 'अरिहंत' (२०१६) आणि 'अरिघात' (२०२४) या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांच्या तोडीचे पाकिस्तानकडे काही नाही. मात्र त्यांचे काम आण्विक प्रत्युत्तराची हमी देणे हे आहे. सागरी मार्गांवर गस्त घालणे नव्हे. त्यासाठी लागणाऱ्या अणुइंधनावरील हल्लेखोर पाणबुड्यांपैकी रशियाकडून भाड्याने घेतलेली 'चक्र' २०२१ मध्ये परत गेली. अशा दोन स्वदेशी पाणबुड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्या यावयास बराच अवधी आहे. तोवर शत्रूच्या पाणबुड्या हुडकण्याचा मोठा भार गोव्यातील 'हंसा' तळावरूनही उडणारी पी-८आय विमाने आणि एमएच-६०आर हेलिकॉप्टरे यांच्यावर राहील.

चीनचा विचार करता दरी आणखी रुंद होते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालांनी चीनच्या पाणबुड्या साठच्या आसपास धरल्या असून २०३५ पर्यंत त्या ऐंशीवर जातील, असा अंदाज दिला आहे. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोच्या बंदरात थांबली, तेव्हाच हिंदी महासागर त्यांच्या नकाशावर आल्याचे स्पष्ट झाले होते.

किनाऱ्यापलीकडचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातील पालमपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही हा विषय तेथील शेतकऱ्याला परका नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग आयात होतो. पोटॅश जवळपास पूर्णपणे आणि डीएपीचा मोठा हिस्सा जहाजांतूनच येतो. सागरी वाट अडली तर ट्रॅक्टरच्या डिझेलपासून सोयाबीनच्या खतापर्यंत सर्वांची टंचाई थेट बांधापर्यंत पोहोचेल.

एकच पाणबुडी काय करू शकते, हे ९ डिसेंबर १९७१ रोजी दिसले. पाकिस्तानच्या 'हँगोर'ने दीवजवळ 'खुकरी' युद्धनौका बुडविली; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. त्याच युद्धात पाकिस्तानची 'गाझी' विशाखापट्टणमजवळ बुडाली. ही दोन्ही नावे पाकिस्तानने नव्या पाणबुड्यांना दिली आहेत.

भारताकडे गोदी आहे, प्रयोगशाळा आहे आणि सहा पाणबुड्या बांधून कमावलेले कौशल्यही आहे. उणीव आहे ती निर्णयातील सातत्याची. 'शंकुल'नंतर जे घडले ते 'वागशीर'नंतर पुन्हा घडू द्यावयाचे नसेल, तर माझगावच्या कार्यशाळेतील वेल्डरच्या हाताला काम सतत मिळत राहिले पाहिजे. एकदा पांगलेला कारागीर निविदा काढून परत आणता येत नाही.