पगार अडकवला, पण पाणी कोणी मोजले?



आमच्या वडिलांच्या पिढीला गिरणी, गोदी, रेल्वे आणि नगरपालिका एवढीच कामे ठाऊक होती. आज आपल्या वस्तीतली पोरे काय काय करतात याची मोजदाद करायला बसलो तर एक वही पुरणार नाही. कोणी एसी दुरुस्त करतो, कोणी मोटारसायकलवरून जेवण पोचवतो, कोणी लिफ्टचे काम करतो. आणि एक-दोन पोरे अशीही आहेत की जी श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला समुद्र सांभाळतात. होय, समुद्र. काचेच्या चारशे लिटरच्या पेटीत खारे पाणी, त्यात रंगीत मासे आणि माशांपेक्षाही महाग असे जिवंत प्रवाळ.

प्रवाळ म्हणजे आपण ज्याला पोवळे म्हणतो त्याचेच भाऊबंद. मंगळ कडक आहे म्हणून भटजी ज्याची अंगठी घालायला सांगतो तेच हे पोवळे. पुष्कळांना तो दगड वाटतो, काहींना झाड वाटते. तो दगडही नाही आणि झाडही नाही, प्राणी आहे. हजारो इवलेसे प्राणी एकमेकांना चिकटून राहतात, त्यांतले दगडी जातीचे पाण्यातला चुना घेऊन आपल्यासाठी घर बांधतात, आणि पुष्कळ जातींच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उजेडावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला देते. भाडेकरूने मालकाला पोसावे असा हा कारभार आहे. पाणी फार तापले की हा भाडेकरू घर सोडतो आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या साली हेच झाले. आपल्या मालवणजवळ समुद्रातही प्रवाळ आहेत आणि तेथे १९८७ साली अभयारण्य जाहीर झाले आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते. मंगळाला ताब्यात ठेवणारा म्हणून ज्याचा डांगोरा पिटला जातो, त्याला स्वतःला पाण्यातला दोन-चार अंशांचा फरकही सोसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या वस्तीतला एक मुलगा, वय बावीस, बारावी पास, एका मत्स्यपेटीच्या दुकानात चौदा हजारांवर काम करतो. दुकानदार त्याला गिऱ्हाइकांच्या घरी पाठवतो. काच पुसणे, पाणी बदलणे, तपासणी करणे असे काम. २०२४ च्या ऑक्टोबरात तो रीतसर सुट्टी मागून आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. ८ तारखेला रात्री निघाला, तेथून गावी जाऊन १९ तारखेला कामावर हजर झाला. एका मोठ्या इमारतीतल्या गिऱ्हाइकाकडे गेला तर पेटीतले प्रवाळ आक्रसलेले, फांदीसारख्या दोन-तीन जातींच्या अंगावरचे मांस सोलल्यासारखे निघून खालचा पांढरा सांगाडा उघडा पडलेला. घरमालक शेठ दारातच तापले. तू सुट्टीवर जाण्यापूर्वी माशांचे औषध टाकलेस, असा आरोप. ऐंशी हजारांचे नुकसान, असा आकडा. दुकानदाराने गिऱ्हाईक सांभाळण्यासाठी मुलाचा सप्टेंबरचा पगार अडकवला आणि पुढचे सहा महिने निम्मा पगार कापण्याचे तोंडी सांगून टाकले.

शेठच्या घरातल्या म्हातारीचे म्हणणे आणखी वेगळे. पेटीतले जीव मेले म्हणजे घरावरचे संकट त्यांनी आपल्या अंगावर घेतले, वाईट वाटून घेऊ नये. हा समज आता आपल्याही वस्तीत शिरला आहे. बाजारात शकुनाचे मासे म्हणून विकतात ते याच बोलीवर. शेठच्या घरावरचे संकट टळले असेल तर आनंद आहे, पण ते आमच्या पोराच्या पगारावर येऊन बसले त्याचे काय?

२० तारखेला, रविवारी, वंदनेनंतर मुलाची आई विहारात आम्हाला भेटली. डोळ्याला पदर होता. दोन-चार कार्यकर्ते लगेच म्हणाले, चला, मोर्चा नेऊ. आम्ही म्हटले, आधी पोराची वही बघू.

त्या मुलाजवळ वही होती हे आम्हाला त्याच्या सगळ्या शिक्षणापेक्षा मोठे वाटते. प्रत्येक भेटीची तारीख, पाण्याची उष्णता, खारेपणा, चुन्याचे प्रमाण, काय बदलले, काय टाकले. आमचे आयुष्य खतावण्या जुळवण्यात गेले असल्यामुळे अशी वही दिसली की आम्हाला धीर येतो. ८ तारखेची नोंद होती : उष्णता २६ अंश, खारेपणा ३५, म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, आणि हेच खऱ्या समुद्राचेही प्रमाण. १९ तारखेला शेठ ओरडत असताना या मुलाने गप्प राहून पुन्हा मापे घेतली होती. उष्णता २७. खारेपणा ४२.

मुलाला आम्ही पहिला प्रश्न विचारला : तुझे यंत्र खोटे बोलत असेल तर? तो म्हणाला, “काका, आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून पाहिला, शून्य दाखवलं. मग दुसऱ्या दुकानातल्या यंत्रावर पण पाहिलं. तिथेही ४२.” आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग बाकीच्या संशयितांची झडती सुरू झाली. एकच प्रवाळ खराब झाला असता तर शेजारच्या प्रवाळाने दंश केला किंवा कीड लागली असे म्हणता आले असते. येथे एकाच आठवड्यात सगळेच बिघडले, म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक वस्तूत, पाण्यात. उष्णतेने बिघडले असते तर मांस जागेवर राहून रंग उडाला असता. येथे मांसच सुटले होते, आणि उष्णताही फारशी वाढली नव्हती. दिवे त्याच घड्याळावर चालू होते. मासे धडधाकट होते, पण गोगलगायी आणि दोन शोभेच्या कोळंब्या मेल्या होत्या. शेठचा आरोप येथेच टेकलेला होता, कारण माशांच्या काही औषधांत तांबे असते आणि तांब्याने मासे वाचतात, पण गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ मरतात. आरोप अगदीच हवेतला नव्हता हे आम्ही कबूल करतो. पण तांबे आहे की नाही हे सांगणारी तपासणी असते. मुलाने ती केली होती. तांबे निघाले नाही. उलट चुन्याचा आकडा ४२० वरून ५०० च्या पुढे गेला होता. मीठ आणि चुना दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढले, म्हणजे कोणी औषध टाकलेले नाही. तयार खारे पाणीच जास्त गेले आहे, कारण त्या मिठात चुना आधीच मिसळलेला असतो.

आता हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. वडाळ्याची, भांडुपची मिठागरे आपण लोकलमधून पाहिली आहेत. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. पेटीतही तेच होते. ऑक्टोबरची उष्मा, वर पाणी थंड ठेवायला दोन छोटे पंखे, त्यामुळे रोज सुमारे आठ लिटर पाणी उडत होते. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, गाळलेले पाणी घालायचे असते. मुलाने जाताना शंभर-शंभर लिटरचे दोन ड्रम भरून ठेवले होते, एक गोड्या पाण्याचा आणि एक खाऱ्याचा. खाऱ्याचा ड्रम फक्त पाणी बदलताना वापरायचा. चिठ्ठ्या लावल्या होत्या, शेठना फोनवर सांगितलेही होते.

संध्याकाळी आम्ही, मुलगा आणि दुकानदार असे तिघे त्या इमारतीत गेलो. पहारेकऱ्याने वहीत नाव लिहून घेतले आणि सामानाच्या लिफ्टकडे बोट दाखवले. असो. मागच्या खोलीत दोन्ही ड्रम होते. गोड्या पाण्याचा काठोकाठ भरलेला. खाऱ्याच्या तळाशी वीतभर पाणी.

स्वयंपाकघराच्या दारात त्या घरी काम करणारी बाई उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला समजले की पाणी तिनेच घातले आणि आता गाडी आपल्यावर येणार हे तिलाही कळले आहे. येथे आम्हाला थोडा विचार करावा लागला. मुलाला सोडवण्यासाठी त्या बाईचे नाव घेतले असते तर काम पाच मिनिटांत झाले असते, आणि सोमवारी सकाळी एका गरिबाच्या जागी दुसऱ्या गरिबाचा पगार कापला गेला असता. म्हणून आम्ही बाईंना काहीच विचारले नाही. शेठनाच विचारले, “साहेब, पाणी कमी झालं की कोणत्या ड्रममधलं घालायचं, हे घरात कोणी सांगितलं होतं?”

शेठ मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, “मीच सांगितलं. समुद्राचे मासे आहेत, त्यांना समुद्राचंच पाणी घालणार ना?”

आम्ही दुकानदाराच्या बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. पेटी चारशे लिटर, लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे आधीचे मीठ १४,००० ग्रॅम. रोज आठ लिटर खारे पाणी म्हणजे रोज २८० ग्रॅम मीठ जमा, खर्च शून्य. ९ ते १८ तारखेपर्यंत दहा दिवस, म्हणजे २,८०० ग्रॅम. एकूण १६,८००. भागिले चारशे. उत्तर ४२. यंत्राचा आकडाही ४२. ड्रममधून गेलेले पाणी ऐंशी लिटर, तेही जुळले. तीन ठिकाणची बाकी एकमेकींना मिळाली की तपासनीसालाही सही करावी लागते.

दुकानदार बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. शेठने विचारले, पण मिठाने मरतात कसे, समुद्रात मीठ असतेच की. त्यांना आम्ही लोणच्याचे उदाहरण दिले. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात खाली पाणी सुटते. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते. प्रवाळ, गोगलगाय, कोळंबी यांच्या अंगातले पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याने तसेच ओढले. मासा आपल्या अंगातले मीठ आवरू शकतो, म्हणून तो तगला.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले त्याचा आशय आपण विहारात ऐकतो. सांगणारा मोठा आहे म्हणून खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या. शेठ मोठे, दुकानदार मालक, म्हातारी वयाने ज्येष्ठ. तिघांनी तीन कारणे दिली. पाण्यात माप घातले ते एकट्या बावीस वर्षांच्या पोराने.

उपायही त्यानेच केला. घाई केली असती तर उरलेलेही गेले असते, कारण खारेपणा एका दिवसात खाली आणणे हाही धक्काच. रोज बारा लिटर पेटीतले पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घालायचे, शिवाय उडालेल्याची भरपाई गोड्यानेच. असे केल्याने आकडा दिवसाला एक-सव्वा एकने उतरतो. सहाव्या दिवशी तो ३५ वर आला. मऊ, कातडी जातीचे प्रवाळ पुन्हा फुलले. फांद्यांचे पाच गेले ते गेलेच.

येथे दोन गोष्टी सांगून ठेवतो. नुकसान झाले म्हणून कामगाराचा पगार कापायचा असेल तर ते नुकसान त्याच्या हयगयीने झाले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. दुकानदाराला आम्ही हे शांतपणे, शेठच्या समोर सांगितले. दुसरी गोष्ट या धंद्यातल्या पोरांसाठी. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे वरच्या श्रेणीचे संरक्षण आहे. कोणी पिशवी देऊन अमुक ठिकाणी पोचव म्हणाले, तर आत काय आहे आणि त्याचे कागद कोठे आहेत हे विचारा. धाड पडली की मालक घरी असतो, पिशवी तुमच्या हातात असते.

सप्टेंबरचा पगार मंगळवारी मिळाला. निम्म्या पगाराची गोष्ट दुकानदाराने पुन्हा काढली नाही. शेठने दिलगिरी वगैरे व्यक्त केली नाही. मात्र पेटीचे काम याच मुलाने करावे असा निरोप पाठवला. मुलाने तो मान्य केला, पण अट घातली की त्याच्या रजेच्या दिवसांत काय करायचे ते कागदावर लिहून घ्यायचे आणि खाली शेठची सही हवी. खाऱ्या पाण्याच्या ड्रमला आता त्याने लाल फडके बांधले आहे आणि चिठ्ठी मराठीत लिहिली आहे, कारण आधीची इंग्रजीत होती आणि त्या बाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्या बाई अजून तेथेच कामाला आहेत.

मुलाच्या वहीचा नमुना आम्ही विहाराच्या वाचनालयात ठेवला आहे. एसीवाले, लिफ्टवाले, पाण्याच्या टाक्या साफ करणारे, कोणालाही तो आपल्या कामापुरता बदलून घेता येईल. रविवारी वंदनेनंतर या, येताना दोनशे पानी वही आणि पेन आणा.