पाळकसाहेबांचे उतारवय

नेवाशाला परगावचा पाहुणा येतो तो पैस खांबासमोर माथा टेकायला. पण याच तालुक्यातले वडाळा हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. १८३१ साली नगरला आलेल्या या मिशनमुळे इकडच्या खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या आणि पाळकसाहेब गावाच्या ओळखीचे झाले.

परवा अशाच एका पाळकसाहेबांकडे चहाला गेलो होतो. निवृत्तीला वर्ष उरलेले. पाळकबाई सहज म्हणाल्या, "भाऊ, घर तर मंडळीचं. पुढच्या वर्षी सामान न्यायचं कुठं?" मला उत्तर सुचले नाही.

दुखणे नेमके इथेच आहे. पाळकाचा पगार बेताचा, पण राहायला घर असते म्हणून भागते. शाळामास्तर कर्ज काढून चार भिंती उभ्या करतो. पाळकाला भाडे नाही, वर बदल्या, म्हणून स्वतःच्या घराचा विचार लांबतच जातो. ज्या सोयीवर संसार चालतो, तीच निवृत्तीच्या दिवशी सुटते.

साठवणे म्हणजे अविश्वास, असेही काहींना वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडली आणि १९१९ साली ते गेले. त्यांच्या विरक्तीचा आपण गौरव करतो. पण त्या विरक्तीत घर चालवताना काय होते, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचावे. व्रत एकाचे असले तरी झळ दोघांना लागते.

कायद्याचा आधारही तोकडा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना लागू होतो. खेड्यातली एकटी मंडळी त्यात कुठली बसणार? मात्र राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. २०१५ ची अटल पेन्शन योजना चाळिशीपर्यंतच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्यांसाठी आहे. साठीनंतर दरमहा एक ते पाच हजार रुपये मिळतात.

खरा प्रश्न वेळेचा आहे. दरमहा हजार रुपये सात टक्क्यांनी तीस वर्षे साठवले, तर सुमारे बारा लाख होतात. पंधराच वर्षे साठवले, तर जेमतेम तीन लाख. म्हणून पहिल्या नेमणुकीच्या दिवशीच खाते उघडावे. निम्मा हप्ता पाळकाने भरावा, निम्मा मंडळीने. तो वार्षिक हिशेबात दानाच्या रकान्यात नव्हे, पगाराच्या रकान्यात लिहावा.

आपल्या घरची लग्ने, बारसी आणि मयती ज्याने सांभाळल्या, त्याच्या म्हातारपणाचे छप्पर ही कृपा नव्हे, आपल्याकडची बाकी आहे.