माणूस हटला म्हणून, माणूस झटला म्हणून

26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि त्या वर्षात भोवतालच्या सुमारे 1 लाख 16 हजार लोकांना घरदार सोडावे लागले. ओस पडलेल्या त्या भूमीत पुढे वन्यपशू वाढले. बेलारूसच्या हद्दीतील पाहणीचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार हरणे आणि रानडुकरे तेथे किरणोत्सार नसलेल्या राखीव वनांइतकीच होती, लांडगे तर सातपटींहून अधिक! याचा अर्थ किरणोत्सार निरुपद्रवी ठरला असा नव्हे. तीव्र किरणोत्साराच्या ठिकाणी पक्षी कमी आढळल्याच्या नोंदीही आहेत. मात्र शिकार आणि नांगर थांबताच वन्यजीवन सावरले, हे खरे.

यावरून 'माणूस हाच निसर्गाचा शत्रू' असा निर्वाळा देण्याची काही पर्यावरणवादी मंडळींना घाई होते. त्यांनी एकदा कुंडलला यावे.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारमुळे इतिहासात अमर झालेल्या या गावालगतच्या डोंगररांगेत सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे 10.87 चौरस किलोमीटर. चेर्नोबिलच्या आदल्याच वर्षी, 1985 साली, ते घोषित झाले. प्राचीन शिवमंदिरांचा हा परिसर एकेकाळी उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी तो हिरवा करण्याचा ध्यास घेतला, त्यासाठी लोकांना आणि शासनाला हलवले. झाडे लावली गेली. हरणे बाहेरून आणून सोडली गेली. तेथे बारमाही नैसर्गिक पाणी नाही, ते माणसालाच पुरवावे लागते. चेर्नोबिलमध्ये माणूस हटला म्हणून रान आले; येथे माणूस झटला म्हणून. येथून तो हटला, तर पहिल्याच कडक उन्हाळ्यात मुकी जनावरे तहानेने तडफडतील.

परंतु या वैभवाचे मोल कोण चुकवतो? सांबर, चितळ कुंपण ओलांडून उभ्या पिकात शिरतात. पर्यटक छायाचित्रे काढून परततो. बांधावर रात्र जागवतो तो शेतकरी. हरणाला हात लावायचा नाही, हा कायदा तो पाळतो. मग कुंपण अभेद्य ठेवणे आणि पंचनामा होताच भरपाई हाती देणे, हे शासनाचे कर्तव्य नव्हे काय? अर्जामागून अर्ज करून थकलेला शेतकरी उद्या अभयारण्यावरच रुष्ट झाला, तर दोष कोणाला द्यायचा?

वनाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनीही कुंडललाच आहे. तेथील अभ्यासक्रमात या शिवारातील राखणीची एक रात्र अवश्य असावी.